मामांच्या घड्याळातले सात

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (खुर्चीतूनच, ऑफिसात आडवं पडलं की लोक पाणी घेऊन धावतात). डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? आणि राग?

ऑपरेशनला आत नेण्याआधी, सकाळी बरोबर सातला फोन करीन, असा शब्द मी दिला होता. केला आठला. उचलला नर्सबाईंनी. आत नेईपर्यंत पाऊण तास तुम्ही फोन हातात धरून बसला होतात, हे त्यांनी अशा काही स्वरात सांगितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून हे पत्र.

मामा, गुन्हेगार मीच लिहिलेला, फोनची आठवण करून देणारा प्रोग्रॅम आहे. तुम्ही माझ्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तुमचे सात ते माझे साडेअकरा, एवढं त्याला एकदा शिकवून मी निर्धास्त झालो. उन्हाळा आला की तुमच्याकडे अख्खा देश घड्याळं तासभर पुढे ढकलतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? (मला माहीत होतं. पण मला विचारतो कोण!) आमच्या टेस्टिंगवाल्या बाईंनी चहा पिता पिता विचारलं, "मग तो मधला तास गेला कुठे?" झालं! चार दिवस मी त्या तासाच्या मागे. त्या रात्री दोनचे एकदम तीन होतात, अडीच वाजतच नाहीत! आणि हिवाळ्याआधी घड्याळं मागे घेतात, तेव्हा अडीच दोनदा वाजतात. म्हणजे जुळ्या भावांतला पहिला दोन पन्नासला जन्मला आणि दुसरा वीस मिनिटांनी, तर दुसऱ्याची नोंद दोन दहाची. धाकटा कागदावर थोरला! मग पाया कोणी कोणाच्या पडायचं? साहेबांना विचारलं, तर त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा देऊन घरी पाठवलं.

शेवटी बाईंनीच डोक्यात उजेड पाडला. म्हणाल्या, तासांचा फरक साठवूच नकोस. मामांच्या गावाचं नाव आणि त्यांच्या भिंतीवरचे सात साठव, वजाबाकी त्या त्या दिवशी कर. इतकी वर्षं मी तुमची वेळ माझ्याच घड्याळात मोजत होतो, मामा. चुकलोच.

तुमचा भाचा

ता. क. मामी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तर कंसातलं तेवढं गाळा.

ता. क. २ दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरा तारखेला ना? प्रोग्रॅम दुरुस्त केलाय, पण त्याच्यावर विसंबायला मी काही खुळा नाही. स्वतःच येतोय. आदल्या दिवशी साडेपाचला विमान उतरतं. तुमच्या साडेपाचला की माझ्या, ते तिकिटावरून काही कळत नाही. तेवढं कुणाला तरी विचारून ठेवा, आणि न्यायला या.