साबणाची वडी आणि मागाचा दांडा

नगर, फेब्रुवारी १९७३. शनिवार संध्याकाळ

नाडी मंद चालते म्हणून दोनदा चक्कर येऊन पडलो. आता हृदयाला ठोके देणारं यंत्र, पेसमेकर, बसवायचंच. मुंबईच्या डॉक्टरांनी जागा मात्र मलाच निवडायला सांगितली आहे. शिरेतून तार घातली तर यंत्राची डबी खांद्याखाली राहील, पण त्या बाजूचा हात जपायचा, नाहीतर तार सुटते. छाती उघडून तार हृदयाला शिवली तर पक्की बसते, पण डबी पोटात.

आज डबीएवढी साबणाची वडी पोटाला बांधून हातमागाच्या खड्ड्यात बसलो. विणताना पुढचा दांडा पोटाला टेकतोच. जरासं विणलं तर वडीला खाच पडली! मग खांद्याखाली बांधली. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी उजव्या हाताने ओढतो, तो धागा ठोकायची फणी डाव्याने. कुठला हात जपू?

बायको, कमल, दारातून बघत होती. म्हणाली, "कुठंबी बसवा. माग मी चालवीन, तुमी कांड्या भरा."

आमच्यात धोट्यातल्या कांड्यांवर सूत बायका भरतात, नाहीतर थकलेले म्हातारे. मी अजून चाळिशीही गाठलेली नाही.

"वर या," म्हणत तिनं हात पुढे केला. मी धरला नाही. एकटाच उठायला गेलो, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा धरावाच लागला.

वडी आता मोरीत आहे. हात धुताना खाच बोटाला लागली.