कागदावर आखलेलं पाऊल

अलाबामा, जुलै १९३६

प्रिय थॅडियस,

आम्ही दोघी धडधाकट आहोत, हे आधी वाच आणि मगच पुढे जा. माझी आई बरी आहे. पीच भरपूर आलेत. तुझा खोकला थांबला का?

शनिवारी आपल्या पर्लीनला चर्चसाठी बूट घ्यायला गावात गेलो. इथली रीत तुला ठाऊक आहे. आपण घरून पाऊल कागदावर आखून न्यायचं, मालक त्यावरून जोड काढतो. काळ्या पायात गेलेला बूट गोरं गिऱ्हाईक घेत नाही. मी कागद नेला होता, पण शिकागोत वाढलेल्या पोरीला सांगायचंच राहिलं. मी कागद उलगडेपर्यंत तिने बुटात पाय घातला.

मालक म्हणाला, "हिला कुणी वळण लावलं नाही का?"

"लहान आहे साहेब, चुकली," मी म्हणत राहिले.

पर्लीन म्हणाली, "आई, पण माझे मोजे धुतलेले आहेत."

संध्याकाळी दोघे गोरे कुंपणापाशी मोटार थांबवून घराकडे बघत बसले. तू काळजी करू नकोस. आम्ही मंगळवारच्या गाडीने निघतोय. आईसुद्धा येतेय, घर सोडून. स्टेशनवर ये.

काल पर्लीन म्हणाली, "बाबांना लिही, पाऊल आखून जवळ ठेवा. दुकानात बुटात पाय घालू नका."

मी म्हटलं, "शिकागोत तसं नसतं गं."

ती म्हणाली, "इथलं तरी तू कुठे सांगितलं होतंस?"

तुझीच,
लव्हिनिया