ब्याण्णव सालचं अस्वल

१४ जानेवारी १९९६, कळंब
माळेगावचा सुभाष येऊन गेला. हाँगकाँगला आमच्या पोराच्या, वि.च्याच कंपनीत असतो, सुट्टीवर आलाय. वि.नं त्याच्याजवळ नाणं धाडलंय, पंचाण्णवचं. चिनी, सोन्याचं, नखाएवढं, टाकसाळीच्याच प्लॅस्टिकमध्ये बंद. दरवर्षी पांडाचं नवं चित्र, दरवर्षी नवा माणूस आणून देणारा. सुभाष म्हणाला, "काका, विजयला काय निरोप?" म्हटलं, सांग, बरा आहे. दुसरं काही सुचलं नाही. तो गेल्यावर बरंच सुचलं.

४ फेब्रुवारी
नाणी काढून पुसली. शालनची आठवण. ती पांडाला अस्वल म्हणायची. पहिली तीन आली तेव्हा पुतळ्यांच्या माळेत ओवायला निघाली होती. वि.नं फोनवर बजावलं, आई, सील फोडू नको, किंमत जाते. ही भडकली. "गळ्यात घालायचं न्हाय तर सोनं धाडतोय कशाला? त्यापरीस सोता ये म्हणावं." एका दुपारी कात्री घेऊन बसलीच. कात्रीची धार गेली, प्लॅस्टिक जसंच्या तसं. आठवून हसलो. ऐकायला घरात कोण आहे.

१७ मार्च, बारामती
सराफाकडे गेलो. विकायची नाहीत, नुसतं कुणाला तरी दाखवावं वाटलं. सराफ म्हणे, "सोन्याचं साल काय बगायचं? आना, कसोटीवर घासतो." शेजारी नाण्यांचा शौक असलेले एक डॉक्टर बसले होते, ते ओरडलेच. मग एकेक नाणं उजेडात धरून बघितलं. म्हणाले, साल सरलं की ते चित्र पुन्हा पाडत नाहीत, ओळीनं सगळी सालं असली तर मोल वेगळंच. "पण ब्याण्णवचं कुठाय?"
म्हटलं, त्या साली मिळालं नाही.
खोटं बोललो. त्या साली वि. स्वतः आला होता. शालन गेली तेव्हा. दहाव्याला पोचला, तेराव्यानंतर गेला. नाणं कोण आणतंय अशा वेळी. इतक्या वर्षांत आला तो तेवढाच.
परतीच्या एस.टी.त मनात आलं, म्हणजे यापुढं रिकामी राहील ती जागा मी जाईन त्या सालची. मग वालचंदनगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. कारखान्यात उभी हयात गेली, पण स्टँडवर ओळखीचं कुणी दिसलं नाही.

५ मे
रहीमभाईंच्या दुकानातून वि.ला फोन. बोलायला विषय नव्हता म्हणून डॉक्टरांचं सांगितलं. एकदम खुलला. "बाबा, ब्याण्णवचं मी शोधतोच!" ते साल का नाही, हे त्याच्या ध्यानातच नाही. रहीमभाई म्हणाले, "पोराला ये म्हनायचं व्हतं की." म्हटलं, कामं असतात त्याला. "आसंना. म्हनायला काय जातंय?"
काय जातंय ते माझं मला ठाऊक. नाही म्हणाला तर.

२२ सप्टेंबर
ताप. चार दिवस रहीमभाईंच्या घरून पेज येतेय. वि.ला कळवू नका म्हणून सांगितलंय. कळवलं असतं तर आला असता का, हे बघायची हिंमत नाही.

२४ नोव्हेंबर
वि.चा फोन, रहीमभाईंनी बोलावून नेलं. ब्याण्णवचं मिळालं. सील शाबूत. "आता सेट पूर्ण, बाबा! पुढच्या महिन्यात सुभाष येतोय, त्याच्याजवळ देतो."
ती एक जागा रिकामी होती, तेवढीच त्याच्या येण्याची खूण. तीही भरून टाकणार.
म्हटलं, "सुभाषजवळ नको."
"का?"
"लोक खिशात कसंही कोंबतात. सील फुटलं तर मोल गेलं. डॉक्टर म्हणाले, असलं नाणं घरच्या माणसानंच हातानं आणावं."
डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते.
वि. म्हणाला, "बघतो. रजेचं विचारतो."
रहीमभाईंनी फोनवर बोलावल्याचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन नाणी मांडली, एक्क्याण्णव आणि त्र्याण्णवच्या मधे बोटभर जागा ठेवली. सील काही फुटत नसतं. शालननं कात्री घालून बघितलं होतं.