मागच्या सीटवर कुणी नव्हतं

आई, गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं गाडीनं समुद्र बघून आलो. तू समुद्र कधी पाहिला नाहीस, मीही तोवर पाहिला नव्हता. यांचा कारखाना सरकारी. नवं धोरण आल्यापासून तिथं कामापेक्षा निरोप-समारंभच जास्त व्हायला लागले होते, आणि दसऱ्याच्या सुमाराला यांनीही स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. मग हैदराबादेतच आबिड्सच्या बाजारात बसणाऱ्या एका एजंटाकडून मस्कतच्या कामाचं बोलावणं आलं. दोन वर्षांचा करार, बायकोला नेता येणार नाही. होकार की नकार, ते सोमवारी कळवायचं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात एकदा जेवताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "गाडीला एकदा लांब न्यायला पाहिजे. नुसती उभी राहून बॅटरी उतरेल." गाडी म्हणजे मित्राकडून घेतलेली जुनी पांढरी मारुती. मी म्हटलं, "गाडीला कुठं जायचंय?" "समुद्राला जाऊ म्हणते." आम्ही असे बोलतो, आई. तुला त्याचं नवल वाटणार नाही.

नल्लकुंट्याच्या घरात चुलीपाशी तू असायचीस, पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन अण्णा, आणि मधे मी. तुझा आवाज त्यांना सरळ ऐकू जायचा, तरी तू मलाच म्हणायचीस, "विचार बरं त्यांला, वांग्यात कूट जास्त झालं का." मी धावत जायची. अण्णांनी ऐकलेलं असायचंच, पण तेही मी येऊन विचारीपर्यंत थांबायचे. "ठीक आहे म्हणावं." मी परत येऊन सांगायची, "एकदम मस्त झालंय म्हणाले." तू पदरानं तोंड पुसायचीस, मला वाटायचं घाम पुसतेस. खेड्यावरची शेती सोडून हैदराबादेत नोकरीला आलेल्या आपल्या लोकांत तेव्हा तीच रीत होती. वडीलधाऱ्यांच्या समोर नवराबायकोनं सरळ बोलायचं नाही. अण्णांची आई मधल्या खोलीत खाटेवर असायची, म्हणून ही रीत. पुढे आजीचे कान पार गेले, कुकरची शिट्टीसुद्धा तिला ऐकू येईना, तरी रीत राहिली. मला त्या कामाचा फार अभिमान होता. शाळेतल्या मैत्रिणींना मी सांगायची, आमच्या घरी माझ्याशिवाय काही चालत नाही.

मग निजामाचं जुनं राज्य मोडून तीन तुकडे झाले आणि मराठी नोकरदारांची नावं मराठी मुलखाच्या यादीत गेली. अण्णांना औरंगाबाद मिळालं. आजी हैदराबाद सोडायला तयार नव्हती, तेव्हा तिच्यापाशी तू राहायचं हे ठरलं. कुणी ठरवलं ते मला आजतागायत माहीत नाही. त्या संध्याकाळी तू पीठ मळते आहेस. तू म्हणतेस, "विचार त्यांला, तिकडं थंडी असते का." मी जाते. अण्णा पेटीचं कुलूप तपासतायत. "सांग, असते म्हणावं." मी परत येते. तू बराच वेळ मळलेलंच पीठ मळत राहतेस आणि मग म्हणतेस, "विचार, वाकळ घालू का पेटीत." "घाल म्हणावं." एवढाच तुमचा निरोप, आणि तोही माझ्या तोंडून झाला. काचीगुड्याच्या स्टेशनवर अण्णा खिडकीशी बसलेत, फलाटावर तू मला कडेवर घेतलं आहेस. अण्णा माझ्याकडे पाहतायत, तूही माझ्याकडेच पाहतेस. गाडी सुटली तरी दोघांनी नजर काढली नाही. मला तेव्हा वाटलं, यांचा दोघांचा माझ्यावर किती जीव आहे.

आणि तो उन्हाळा तुला आठवत असेल. अण्णा सुट्टीवर आले होते, दुसऱ्या दिवशी जायचे होते. मी तेव्हा तिसरीत असेन. तू काहीच सांगितलं नव्हतंस, पण मी आपली पुढच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आई म्हणते, आम्हालाही न्या." अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "सांग तिला, बघू म्हणावं." मी उड्या मारत स्वयंपाकघरात आले आणि सांगितलं. तू उलथनं हातात घेऊनच उठलीस. "मी म्हणाले होते असं? कधी म्हणाले? जीभ फार लांब झाली का तुझी?" पाठीत धपाटा बसला. मी रडत कोपऱ्यात जाऊन बसले. भाकरी तव्यावर करपायला लागली होती, तू ती काढलीस, नवी थापलीस, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणालीस, "मग काय म्हणाले ते? पुन्हा सांग." मी हुंदके देत सांगितलं. तू म्हणालीस, "तसंच म्हणाले? हसून म्हणाले का रागानं?" मी म्हटलं, हसून. हसले नव्हते ते, आई. रागावलेही नव्हते. पण त्या दिवशी तू मला साखर घालून तुपाची भाकरी दिलीस. पुढे त्याचं काही झालं नाही. मी कॉलेजात जाईपर्यंत तू होतीस, आजी तुझ्यानंतर गेली, आणि अण्णा कायमचे परत आले तेव्हा स्वयंपाकघरात मी एकटी होते.

माझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. घरात खाटेवर कुणी म्हातारं माणूस नव्हतं, तरी मी मुलालाच म्हणायची, "बाबांना सांग, पाणी तापलंय." तो मोठा झाल्यावर चिडायचा. "मम्मी, ते समोर बसलेत ना. मेरेकू क्यूं बीच में डाल रे तुम लोगां?" आता तो वरंगलला हॉस्टेलवर असतो. त्यामुळं गाडीत आम्ही दोघंच होतो, आणि मागच्या सीटवर बॅग. सूर्यापेटपर्यंत आम्ही गाडीबद्दल बोललो. तिला चहा हवा होता, तिला जरा सावलीत थांबायचं होतं, खम्ममच्या अलीकडे तिला माझ्या डब्यातल्या दशम्यासुद्धा हव्या झाल्या. हे म्हणाले, "गाडी म्हणते, चटणी जरा तिखट आहे." मी म्हटलं, "गाडीला म्हणावं, उतरून चालत जा." हसलोही आम्ही. आणि प्रत्येक हसण्याच्या शेवटी सोमवार येऊन उभा राहायचा, मग दोघंही रस्त्याकडे बघायचो.

भद्राचलमच्या जवळ गुंडाला म्हणून गाव आहे. तिथं गोदावरीच्या काठची वाळू उकरली की खालून गरम पाणी येतं. सकाळी थंडी होती, नदीवर धुकं, आणि वाळूतल्या छोट्या खड्ड्यांतून वाफ निघत होती. नदी अंगाला लागून गार वाहतेय आणि तिच्या शेजारी खालून असं ऊन पाणी वर येतंय, हे बघून मला उगीचच भरून आलं. एक म्हातारं तेलुगू जोडपं आमच्या आधी येऊन बसलं होतं. म्हातारी गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेऊन बसलेली, आणि म्हातारा तिच्यासाठी हातानं खड्डा करतोय. ती त्याच्यावर ओरडत होती, "एय मुसलोडा, इंका तव्वु!" अरे म्हाताऱ्या, अजून खण! तो म्हणाला, "खणतो, खणतो. तुझे गुडघे बरे झाले की मलाच लाथ मारशील." "मारणारच. त्यासाठीच तर आलेय." दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी बघतच राहिले. म्हातारीचं लक्ष माझ्याकडे गेलं. ती तेलुगूत म्हणाली, "अशी उभी काय राहिलीस बाई? तुझ्या नवऱ्याला सांग की खड्डा खणायला." मी यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "त्या बाई म्हणतायत, खड्डा खणायला." यांनाही तेलुगू येतं, आई. माझ्याइतकंच येतं. पण तेही मी सांगेपर्यंत थांबले होते. मग पॅन्ट दुमडून गुडघ्यावर बसले आणि खणू लागले. त्या पाण्यात आम्ही चौघंही पाय सोडून बसलो. पोटऱ्यांना ऊब चढत होती, आणि मला सारखी तू आठवत होतीस. हिवाळ्यात टाचांच्या भेगांना मेण लावत, दार लोटून घेऊन एकटी बसायचीस, ती.

तिथून घाट उतरून राजमंड्री, आणि दुसऱ्या दिवशी काकीनाड्याहून पुढे उप्पाड्याचा रस्ता. तिथं रस्ता आणि समुद्र इतके जवळ आहेत की लाटेचं पाणी काचेवर उडतं. यांनी गाडी कडेला लावली. मी समुद्राकडे पाहिलं आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हे तुला सांगायचं कसं. एवढं मोठं काही कुणाच्या तोंडी निरोपात बसत नाही. आम्ही दगडांवर बसलो, हातात उकडलेल्या शेंगांचा पुडा. जाळी दुरुस्त करणारे कोळी लांब होते. आसपास कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ नका."

यांनी मान वळवून मागं गाडीकडे पाहिलं. "मला म्हणालीस?"

"मग कुणाला? इथं दुसरं आहे कोण?"

यांनी एक शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाले, "रोज सकाळी डब्याच्या वेळेला मी स्वयंपाकघराच्या दारात येतो आणि परत जातो. तुला दिसत नाही?"

"दिसतं."

"असा घरात बसून राहिलो तर मी तुझ्यावर चिडायला लागेन. मला माहीत आहे माझं. मी जाणार गं."

"बरं."

"बरं नको म्हणूस. रडायचं तर रड, भांडायचं तर भांड."

"भांडते. एजंटाला आधीच होकार दिलाय ना तुम्ही?"

"नाही. तुझी शपथ. तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं, म्हणून तर एवढं पेट्रोल जाळलं."

"आणि ऐकूनही जाणारच."

"हो," हे म्हणाले. मग माझ्या मांडीवरची टरफलं यांनी गोळा करून आपल्या रुमालात घेतली, आणि मी रडले. यांना माझं रडणं कधी सरळ बघावं लागलं नव्हतं, हे गोंधळले. "आधी हे खा, गार होतंय," असं काहीतरी म्हणाले. परतीच्या वाटेवर गाडीला काही हवं झालं नाही. आम्हाला दोघांना भूक लागत होती, आम्हाला दोघांना तहान लागत होती, आणि एकदा सूर्यापेटच्या आसपास आम्ही चांगले कडाकडा भांडलो.

सोमवारी यांनी होकार कळवला. जानेवारीत गेले. मी सांगितलं आणि तरी ते गेले, तेव्हा सांगून काय मिळवलं, असं तू विचारशील. घर रिकामं आहे. पण तुझं स्वयंपाकघर जसं न बोललेल्यानं भरून असायचं, तसं ते नाही. दर शुक्रवारी मस्कतला सुट्टी असते, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी फोनचं दुकान झालंय, तिथं यांचा फोन येतो. आम्ही सरळ बोलतो. काचेच्या त्या खोक्यात यांचा आवाज माझ्या कानाशी इतका लागून असतो की लग्नानंतर इतका कधी नव्हता.

हे पत्र पाठवायचं असतं तर मी इथंच थांबले असते. पण ते कुठं जायचं नाहीच, म्हणून एवढं लिहिते. शुक्रवारी त्या दुकानात जायच्या आधी मी न्हाते, नारायणपेठी साडी नेसते, पावडर लावते, गजरा माळते. फोनवर काही दिसत नाही, हे मला कळतं. परवा दुकानदार म्हणाला, "क्या अम्मा, शादी में जारें क्या?"

मी म्हटलं, "हौ."