धबधब्यावरचे मासे

९ ऑक्टोबर
परत लाल ठिपके! सोचा नदीतून आज जेवढे ट्राउट धरले, झाडून सगळ्यांच्या अंगावर. म्हणजे बाहेरून आणून सोडलेल्या जातीचं रक्त. आमच्या अस्सल ट्राउटच्या अंगावर नुसती संगमरवरासारखी नक्षी असते, लाल काही नाही. यंदा अस्सल नर-मादी मिळाले नाहीत तर माझ्या मत्स्यबीज केंद्राला कुलूप. मच्छीमार मंडळाचे अध्यक्ष गोराझ्द म्हणालेच, "नेझा, भेसळीची पिल्लं वाढवायला तुला ठेवलेलं नाही." गोड बोलणं त्यांना जमतच नाही.

१२ ऑक्टोबर
आज धबधब्याच्या वर चढले. तिथे मासे नाहीत, असं सगळे म्हणतात. आहेत की! वीतभर, काटकुळे, नक्षीदार – लाल ठिपका एकालाही नाही. पाणी बर्फासारखं, खायला चार अळ्या, वाढणार कुठून? खालचे हात-हातभर होतात. तरी भाऊबंदच वाटतात. परांचे बारीक तुकडे जनुक-तपासणीला पाठवले.

१३ ऑक्टोबर
पण वर गेले कसे? एवढा उभा कडा. हिमयुगात धबधबा नसेल, तेव्हा गेले असतील? डोक्याला भुंगा लागलाय. गोराझ्दना विचारलं तर म्हणे, "शिडी लावून." घरी नोनोंना – आजोबांना – मुद्दाम काही सांगितलं नाही. सकाळपर्यंत गावभर झालं असतं.

२ नोव्हेंबर
गोराझ्द परत फोनवर: "मिश्र निघाले तर सगळे काढून टाकायचे, कळलं?" कळलं. फ्रिका – बटाटा-चीजची पोळी – ताटात तशीच राहिली. वाईट वाटतंय, फार.

२० नोव्हेंबर
अस्सल! एकूण एक. गोराझ्दनी चक्क मिठी मारली. आता अंडी मिळणार, केंद्र चालणार.
पण एक गंमत – सगळे मोजक्याच जोड्यांची संतती. आणि खालच्या नदीशी नातं इतकं जवळचं, की ताटातूट हिमयुगातली असूच शकत नाही. मग वर गेले कधी?

२१ नोव्हेंबर
नोनोंना सांगून टाकलं. खो खो हसले. "अजून आहेत होय ते? मला वाटलं, खाऊन संपवले. अगं पोरी, चर्चच्या नियमाने शुक्रवारी मांस चालायचं नाही, मासे चालायचे. वर कुरणात चीज करणाऱ्यांनी खायचं काय? माझे आजोबा दूध आणायला किटल्या घेऊन वर जायचे. रिकाम्या कशाला न्यायच्या?"
परके मासे नदीत यायच्या आधीची गोष्ट ही. जी जुनी सोचा गेली म्हणून मी रडत होते, ती खापरपणजोबांनी किटलीतून वर नेऊन ठेवली होती – शुक्रवारच्या जेवणासाठी.