धुण्याचा दगड

चिमीच्या बाबांना,

मी इथं धडधाकट आहे, काळजी करू नका. भूकंपात पडलेल्या घरांचा राडारोडा आमच्या यार्डात येतो. त्यातलं लोखंड, लाकूड वेगळं काढायचं आणि उरलेल्याची मशीनमध्ये खडी करायची, एवढंच काम. तोंडाला फडकं बांधते, त्यामुळे खोकला आता कमी आहे.

चिमी तुम्हाला वेणी घालू देते का? आईंचे गुडघे कसे आहेत?

परवा एक म्हातारे पोस्टमनकाका आले. त्यांची बायको भूकंपात गेली. "मागच्या दारचा तिचा धुण्याचा दगड सापडला तर तेवढा ठेवा हो," म्हणाले. काल त्यांच्या घराच्या ढिगात तो सापडला, मधोमध झिजून खोलगट झालेला. मी बाजूला ठेवला, पण खूण करायची राहिली. जेवून येते तोवर लोडरवाल्याने तो मशीनमध्ये टाकलाही होता.

आज काका हातगाडी घेऊन आले. जीभ रेटेना, पण सांगितलं. ते मशीनखालच्या खडीच्या ढिगापाशी गेले, मूठभर खडी उचलून पाहिली.

"ही खडी कुठं जाते?"

"दवाखान्याच्या रस्त्याला."

"बरं झालं. तिथं चिखल फार असतो," म्हणाले आणि उलट माझीच समजूत काढू लागले. त्यांनी मला चांगलं झापलं असतं, तर बरं वाटलं असतं हो.

ते निघाले तसा मी गाडीला हात लावला. "रिकाम्या गाडीला दोघं कशाला, पोरी?" म्हणाले. तरी मी फाटकापर्यंत ढकलत गेले.

तुमचीच,
चिमीची आई