माहेरच्या नावाचा रकाना

७ एप्रिल १९८७, मंगळवार

खोडला! चंपतरावांनी माझा रकाना खोडला. लाल पेनाने, सगळ्यांदेखत.

दवाखान्याची जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची, तर त्या डीबेस नावाच्या प्रोग्राममध्ये रकाने कोणकोणते ठेवायचे एवढंच ठरवायचं होतं. नाव, आडनाव, वय, गाव, जुना आजार. मी म्हटलं, बायकांसाठी 'माहेरचं नाव' हवंच. ताटातल्या तांदळात नवऱ्याची अंगठी फिरली की आमचं नावसुद्धा जातं, नुसतं आडनाव नव्हे. पहिल्या बाळंतपणाला तीच मुलगी माहेरी येते, म्हणजे आपल्याच दवाखान्यात — नवीन नाव घेऊन! तिचं जुनं कार्ड मशीन शोधणार कसं?

"सुभद्राबाई, लग्न झाल्यावर जुनं नाव काहून पाहिजे? अन् डिस्कवर जागा लागते नं!" — इति आमचे सेक्रेटरीसाहेब.

जागा नाही म्हणे. स्वतःचं नाव मात्र पहिल्याच पडद्यावर, तीन ओळींत, पदव्यांसकट! शहाण्याला शब्दाचा मार. याला कशाचा द्यावा?

९ एप्रिल

मशीनच्या खोलीला एसी आला. बाळंतिणींच्या वॉर्डातला कूलर बंदच. आणि आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. देवघर आहे का?

१८ एप्रिल

लाइट गेली. सकाळपासून चढवलेलं सगळं पाण्यात. बोटं दुखतात, डोकं त्याहून जास्त.

२ मे

उद्घाटन झालं. पाहुण्यांसमोर मी एक नाव टाकलं, कार्ड पडद्यावर आलं, टाळ्या पडल्या. चंपतराव फुलून म्हणाले, "आता कार्डं धुंडायची झंझटच नाही. जे आहे ते इथंच आहे." शाल त्यांना, मला खोबऱ्याचा तुकडा. जुन्या कार्डांचे गठ्ठे माळ्यावर गेले.

१९ मे



चारुशीला निखाडे. माहेर मौदा, काल इथंच बाळंत झाली. मुलगी. आज दुपारी ताप चढला. छोटे डॉक्टर बुटांसकट आत आले — जुनं काही आहे का बघा. मी नाव टाकलं. पडद्यावर 'नो फाइंड'.

मागे दारात तिची आई, प्रयागबाई, चपला हातात घेऊन उभी. "डॉक्टरसाहेब, हिले ते सुई चालत नाही. लहानपणी इथंच देली होती, सारं आंग सुजलं होतं."

"कोणती सुई?"

"आता नाव मले का माहीत!"

कॉम्प्युटरमध्ये काही नाही हे ऐकून डॉक्टर गेले. पेनिसिलिन दिलं. टेस्टसुद्धा न करता! ओठ सुजले, श्वास कोंडला. मी जिन्याने धावत वर गेले, मोठ्या डॉक्टरांना अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी वाचवलं. अजून ऑक्सिजनवर आहे.

२० मे

शुद्धीवर आली. छोट्या डॉक्टरांनी माझ्याशी बोलू नये. त्या चंपतरावांनी तर अजिबात नाही!

प्रयागबाई व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मी तिची माय सामने उभी होती नं! मले सोडून त्या डब्याले काहून विचारलं?"

 

२१ मे

बापाच्या नावावर आणि गावावर शोध लावला. मशीन एकेक कार्ड चाळत बसलं, मी दात खात बसले. सापडलं! पंचफुला देवराव ठवकर, मौदा. जुना आजार — 'पेनिसिलिन देऊ नये.' मीच चढवलेलं. एप्रिलमध्ये, या हातांनी.

चारुशीला म्हणजेच पंचफुला. तांदळातलं नाव.

प्रिंट काढला आणि चंपतरावांच्या टेबलावर आपटला. वाचून म्हणतात, "मशीनची चूक झाली बा." मशीनची! लाल पेन मशीनने धरला होता?

२३ मे

रकाना आला. नोटिशीत लिहिलंय — 'माननीय सेक्रेटरींच्या सूचनेनुसार.' निर्लज्ज! इतकी संतापले की जेवणाचा डबाही उघडला नाही.

२५ मे

पंचफुला घरी गेली. जाताना प्रयागबाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. मुलगी झाली म्हणून बर्फी आणली होती.

"घे वं पोरी. तू धावली म्हणून माही लेक वाचली. त्या डब्याचं तर तोंड पाहत नाही मी." आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

बर्फी घेतली.

२६ मे

त्या दुपारी पडद्यावर फक्त 'सापडलं नाही' एवढंच होतं. कार्ड दुसऱ्या नावाने असू शकतं, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, "म्हणजे?" प्रयागबाई माझ्याकडेच पाहत होत्या. आणि "काही नाही" हे मी म्हणाले.